बाटलीवरच्या चार ओळी

आम्ही दोघेही एकाच विभागात मराठी शिकवतो. संहितेचे वाचन कसे करावे, एखाद्या शब्दाने अर्थ कसा पालटतो, हे विद्यार्थ्यांना सांगणे हाच आमचा व्यवसाय. असे असताना एका हिवाळी शिबिरात चार ओळींची एक संहिता आम्ही वाचलीच नाही, आणि त्याची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याला मोजावी लागली. प्रस्तुत लेखाला ती घटना निमित्त झाली आहे.

शिबिर राष्ट्रीय सेवा योजनेचे होते. ओढ्यावर वनराई बंधारा घालण्याचे काम चालू असताना प्रथम वर्षातल्या एका मुलाची नडगी दगडाला घासून सोलवटली. जखम खोल नव्हती. प्रथमोपचाराची पेटी आमच्या ताब्यात होती. तीतली जंतुनाशकाची बाटली काढली, कापसाचा बोळा तसाच भिजवला, जखमेवर दाबून धरला आणि वरून पट्टी घट्ट आवळली. मुलगा कळवळला. झोंबते म्हणजे लागू पडते, असे आम्ही त्याला समजावले. दुसऱ्या दिवशी तोच उपचार. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तेव्हा जखमेभोवतीची चांगली कातडी लालभडक होऊन तिच्यावर फोड आले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी पाय पाहिला, पट्टीचा वास घेतला आणि विचारले, "सर, ह्यात पाणी किती घातलं होतं?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "दगडानं केलं ते एवढंच," त्यांनी बोटाने दाखवले, "बाकीचं औषधानं केलंय. बाटलीवर लिहिलेलं असतं की."

लिहिलेले होते. अक्षर मुंगीएवढे आणि भाषा इंग्रजी, पण चार सूचना स्पष्ट होत्या. पाणी घालून वापरावे. फक्त बाहेरून लावावे; डोळे, कान व तोंड यांपासून दूर ठेवावे. जखम खोल असल्यास, भाजले असल्यास किंवा काही दिवसांत बरे न वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. शिबिर संपल्यावर या चार ओळींचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा जाणवले की सावधगिरीच्या या कोरड्या वाटणाऱ्या सूचनांपैकी प्रत्येकीमागे इतिहास आहे, आणि तो कुणा ना कुणाच्या शरीरावर घडलेला आहे.

आधी शब्दाविषयी थोडेसे. बोलण्यात आपण 'जंतुनाशक' हा एकच शब्द जखमेच्या औषधाला आणि फरशीच्या औषधालाही वापरतो. परिभाषेत शरीरावर लावायच्या द्रव्याला 'पूतिरोधक' म्हणतात. 'पूति' म्हणजे सडका, दुर्गंधीचा. जखमेतला 'पू' हा त्याच कुळातल्या 'पूय' शब्दाचा वंशज. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही सडणे असाच आहे. इंग्लंडमधील लष्करी वैद्य जॉन प्रिंगल यांनी १७५० साली सडणे रोखणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग केले आणि तो इंग्रजी शब्द प्रचारात आणला. तेव्हा जंतूंचा सिद्धान्त शंभरेक वर्षे दूर होता. सडण्याची भीती माणसाला आधी कळली, सडवणारा फार पुढे सापडला.

ओळ पहिली: पाणी घालून वापरावे

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एक नियम केला. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावेत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच्या कक्षातल्या बाळंतिणींपैकी १८ टक्क्यांहून अधिक दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. तरीही बाळंतिणींच्या मृत्यूला आपलेच हात कारण आहेत, हे मान्य करणे बहुसंख्य डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइसची अखेर मनोरुग्णालयात झाली. अंगावरची जखम चिघळून तो १३ ऑगस्ट १८६५ रोजी मरण पावला. ज्या विकारापासून त्याने इतरांना वाचवले, त्याच जातीच्या विकाराने त्याचा बळी घेतला.

त्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. गाडीचे चाक पायावरून गेले होते. हाड मोडून कातडी फाटली होती. अशा अस्थिभंगात त्या काळी पाय कापणे किंवा मरणाची वाट पाहणे एवढेच पर्याय बहुधा उरत. जोसेफ लिस्टर यांनी त्याच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड ठेवले. हे द्रव्य १८३४ साली रुंगे या रसायनशास्त्रज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे केले होते, आणि कार्लाइल गावातल्या मैलापाण्याची दुर्गंधी त्याने नाहीशी होते, हे लिस्टर यांच्या वाचनात आले होते. गटारातले सडणे जे थांबवते, ते जखमेतले सडणेही थांबवील, असा हा तर्क होता.

चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा पू नव्हता. सुमारे सहा आठवड्यांत मुलाचे हाड सांधले गेले. आधुनिक शस्त्रक्रियेच्या इतिहासात ही कथा नेहमी सांगितली जाते. तिचा एक तपशील मात्र सहसा गाळला जातो. लिस्टर यांनी १८६७ साली 'लॅन्सेट'मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की ॲसिडमुळे जखमेचा पृष्ठभाग काही ठिकाणी मृत होऊन सुटू लागला होता. म्हणून त्यांनी पुढे थोडेसे ॲसिड मिसळलेले पाणी वापरले. त्यानेही कातडी सोलवटली, तेव्हा दहा ते वीस भाग ऑलिव्ह तेलात एक भाग ॲसिड असे मिश्रण केले. म्हणजे पूतिरोधकाचा शोध आणि ते सौम्य करण्याची गरज, दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या एकाच पायावर आठवडाभराच्या अंतराने उघड झाल्या. आमच्या विद्यार्थ्याच्या नडगीवर जे घडले, ते लिस्टर यांनी १८६५ सालीच पाहिले होते.

मराठीच्या अध्यापकाला येथे 'मात्रा' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. अक्षरावरची मात्रा, वृत्तातली मात्रा आणि वैद्याची मात्रा. तिन्हींत मोजणे आहे आणि तिन्हींत एकीचा फरक पडला तरी सारे बिघडते. मात्रावृत्तात एक मात्रा वाढली की ओळ लंगडते, हे आम्ही फळ्यावर शंभरदा लिहून दाखवले असेल. बाटलीतल्या मात्रेला तोच नियम लागू होतो, हे मात्र सुचले नाही. याचे कारण सोपे आहे. जंतूंच्या पेशींची वेष्टने आणि प्रथिने मोडणारे द्रव्य आपल्या पेशींनाही फारसे वेगळे मानत नाही. दोहोंतला फरक राखला जातो तो प्रमाणाने आणि वेळेने. जास्त ओतल्याने जंतू जास्त मरत नाहीत. जखम भरून काढणाऱ्या पेशी तेवढ्या मरतात. झोंबणे हे गुणाचे लक्षण नव्हे.

हाताच्या कातडीचेही असेच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९–९०च्या हिवाळ्यात कॅरोलाइन हॅम्पटन या परिचारिकेच्या हातांना पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणामुळे त्वचारोग जडला. शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, म्हणून ही हकिकत प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. शस्त्रक्रियेतल्या रबरी हातमोज्यांची प्रथा पूतिरोधकाच्या दाहापासून हात वाचवण्याच्या धडपडीतून सुरू झाली, हा तिचा अधिक महत्त्वाचा भाग. लिस्टर यांनीही शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा उडवण्याची पद्धत १८७१ साली सुरू केली होती. १८९० साली त्यांनी ती मागे घेतली आणि ती सुचवल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. चूक झाली असे भर परिषदेत म्हणणारा संशोधक आजही विरळाच.

ओळ दुसरी: फक्त बाहेरून लावावे

या ओळीत शरीराचा नकाशा दडलेला आहे. नडगीची कातडी, गालाच्या आतली ओली त्वचा, डोळ्याचे बुबुळ आणि कानाचा पडदा ही चार वेगवेगळी ठिकाणे आहेत, आणि एका ठिकाणचे औषध दुसऱ्या ठिकाणी तसेच नेता येत नाही.

जेन्शियन व्हायोलेटचे उदाहरण घेऊ. आमच्या पिढीच्या बालपणात तोंड आले की जीभ आणि ओठ जांभळे करणारे ते औषध घरोघरी होते. हा मुळात एकोणिसाव्या शतकातला कापडाचा रंग. काही विशिष्ट गटांतल्या जंतूंची वाढ तो रोखतो, हे चर्चमन यांनी १९१२ साली दाखवले. बालरोगांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांना जी पुस्तिका दिली, तीत कातडीवरच्या पुळ्यांसाठी या रंगाचे अर्धा टक्का द्रावण सांगितले होते, आणि तोंडातल्या व्रणांसाठी त्याच्याही निम्मे, म्हणजे पाव टक्का. द्रव्य एकच, मूलही तेच; ओठ ओलांडून आत जाताना मात्रा निम्मी होते. दाट द्रावण तोंडाच्या नाजूक त्वचेला स्वतःच व्रण पाडू शकते. या औषधाची कथा येथे संपत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाचा संबंध दिसल्यामुळे कॅनडाच्या आरोग्य विभागाने २०१९ साली जेन्शियन व्हायोलेट असलेली उत्पादने न वापरण्याचा सल्ला दिला. शाळेत ढोपरावर लावले जाणारे 'लाल औषध', म्हणजे मर्क्युरोक्रोम, यात तर पारा होता. १९१८ साली पुढे आलेल्या या औषधाची सर्वमान्य सुरक्षित औषधांतील जागा अमेरिकेत १९९८ साली गेली. आजीच्या कपाटातली जुनी बाटली ओळखीची असते म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

तोंडाच्या औषधांचा बाजार कसा उभा राहिला, हेही पाहण्यासारखे आहे. लिस्टर यांच्या नावावरून नाव घेतलेले लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स यांनी शस्त्रक्रियेतील पूतिरोधक म्हणून तयार केले. १९२०च्या दशकात तेच द्रव्य मुखदुर्गंधीची धास्ती घालणाऱ्या जाहिरातींच्या बळावर घरोघरी पोचले. त्याने सर्दी-पडसे टळते हा दावा खोटा असल्याचे पुढच्या जाहिरातींत छापावे, असा आदेश अमेरिकी व्यापार आयोगाने दिला आणि १९७७ साली तेथील न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला. औषधाच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आज दंतवैद्य ज्याची गुळणी सुचवतात ते क्लोरहेक्सिडीन इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात पुढे आले. लोए आणि श्योट यांनी १९७० साली दाखवले की ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरची एक मिनिट गुळणी दिवसातून दोनदा केली, तर दात न घासताही दातांवर जंतूंचा थर धरत नाही. शोध मोठा होता. त्याबरोबर दोष आले. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव काही काळ बदलते. टूथपेस्टमधल्या फेसाळ द्रव्याने त्याचा गुण कमी होतो, म्हणून दात घासणे आणि गुळणी यांत अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. हे औषध हिरड्यांच्या दुखण्यात किंवा दात काढल्यावर, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्यायचे असते. आयुष्यभराच्या सवयीचे ते नव्हे. गुळणी थुंकायची, गिळायची नाही. जे मूल थुंकू शकत नाही, त्याला ती द्यायची नाही. आणि कातडीसाठी असलेल्या बाटलीतले औषध पाणी घालूनही तोंडात घ्यायचे नाही. क्लोरहेक्सिडीन फुटलेल्या पडद्यातून मध्यकर्णात गेल्यास ऐकू येणे जाऊ शकते, आणि डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. नवजात बाळाच्या नाळेला लावण्यासाठी दिलेले हेच औषध डोळ्यांत घातले गेल्याने आफ्रिकेतील काही देशांत बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेला त्याबाबत इशारा द्यावा लागला.

'बाहेरून' या शब्दाला आणखी एक बाजू आहे. फरशी आणि शरीर यांतला भेद. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, तेव्हा निर्जंतुकीकरणाची पथके घराघरांत शिरली. १८९७च्या पुण्यात गोऱ्या शिपायांनी घेतलेल्या झडत्या, बाहेर फेकले गेलेले सामान, धुऊन काढलेली देवघरे यांतून उसळलेला संताप आणि त्याची रँडच्या खुनात झालेली परिणती मराठी वाचकाला सांगायला नको. जंतुनाशक तेथे सत्तेच्या हातातली वस्तू होऊन आले होते. २०२० सालच्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा मारला गेला, तेव्हा तोच भेद पुन्हा पुसला गेला. मुलांचे डोळे चुरचुरले, लोकांनी खाज सुटल्याचे सांगितले. पुढच्या महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर असे फवारे मारू नयेत, असे पत्रक काढावे लागले. सेमेलवाइसच्या घंगाळातले द्रव्य याच क्लोरीनच्या कुळातले होते. तेथे डॉक्टरांनी आपले हात बुडवले होते. बरेलीत ते दुसऱ्यांच्या अंगावर उडवले गेले.

ओळ तिसरी: जखम खोल असल्यास डॉक्टरांना दाखवावे

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग जखमी सैनिकांच्या जखमा अभ्यासत होते. पेनिसिलीनचा शोध पुढे १९२८ सालचा. लिस्टरच्या परंपरेत वाढलेले शल्यविशारद चिखल आणि कपड्यांच्या चिंध्या शिरलेल्या खोल जखमांत पूतिरोधके भरत होते, आणि जखमा तरीही सडत होत्या. फ्लेमिंगनी काचनळीला तापवून आतून पोकळ असे काटे ओढले, म्हणजे वाकड्यातिकड्या जखमेची काचेची प्रतिकृतीच केली. तीत जंतू असलेला द्रव भरला, मग पूतिरोधकाने नळी धुतली आणि पुन्हा ताजा द्रव घातला. काट्यांच्या टोकांत दडलेले जंतू पुन्हा वाढले; औषध तेथपर्यंत पोचतच नव्हते. शिवाय औषध पोचे तेथे ते जंतूंआधी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मारी. आल्मरॉथ राइट आणि फ्लेमिंग यांचा आग्रह असा होता की मेलेले मांस काढावे, मिठाच्या पाण्याने जखम धुवावी आणि शरीराला त्याचे काम करू द्यावे. त्याच युद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन आणि अलेक्सी कॅरेल यांनी दुसरी वाट शोधली. हायपोक्लोराइटचे अर्ध्या टक्क्याच्या आसपासचे द्रावण त्यांनी ठरावीक वेळाने जखमेतून खेळवले. दोन्ही वाटांना एक गोष्ट समान होती. आधी घाण काढणे, मग मोजके औषध.

शंभर वर्षांनंतरचा घरगुती नियमही यापेक्षा फार निराळा नाही. खरचटले, कापले तर प्रथम हात धुवावेत, जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरावी, माती-खडे निघून जाऊ द्यावेत, रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. लावायचेच असेल तर पूतिरोधक बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, पातळ थराने लावावे, वाळू द्यावे आणि वर सैल पट्टी बांधावी. औषधात निथळणारा बोळा आवळून बांधला की दाह होतो, हे आम्ही आता अनुभवाने सांगू शकतो. १९५५ साली शेलान्स्की यांनी पुढे आणलेले पोव्हिडोन आयोडीन जुन्या टिंक्चरपेक्षा कमी झोंबते. पण त्यातले आयोडीन शरीरात शोषले जाते, म्हणून थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि नवजात बाळांसाठी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. खोल घाव, गंजलेल्या वस्तूची जखम, भाजणे यांत बाटलीवर विसंबू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशी करावी. कुत्रा चावल्यास हळद, चुना, मिरची असले काही न भरता साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी, नंतर आयोडीनसारखे पूतिरोधक लावावे आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. पूतिरोधक लशीचे काम करीत नाही.

तोंडाबाबत या ओळीचा अर्थ अधिक गंभीर होतो. महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू दाढेत धरणारे पुरुष प्रत्येक गावात आहेत. गालाच्या आत पडलेला पांढरा चट्टा किंवा न दुखणारा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो कर्करोगाची सुरुवात असू शकतो. त्यावर रंग लावत राहणे किंवा रोज गुळण्या करत राहणे म्हणजे तो महिनोन्महिने झाकून ठेवणे होय.

ओळ चौथी: लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये

ही ओळ वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बाटली तोंडाला लावणारे मूल येते. इतिहासात मात्र मुलांना बहुतेक वेळा मोठ्यांनीच, मायेने, औषध लावले आहे. फ्रान्समध्ये १९७२ साली मोरांज नावाच्या बाळांच्या पावडरीत कारखान्यातील चुकीने हेक्साक्लोरोफीन हे पूतिरोधक ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. ३६ मुले दगावली. द्रव्य कोणी पाजले नव्हते. आयांनी आंघोळीनंतर हळुवार हाताने पावडर लावली होती. बाळाची कातडी पातळ असते, लंगोटाखाली ती ओलसर असते, आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे असते. मोठ्यांच्या अंगावर 'बाहेरून' लावलेले द्रव्य बाळाच्या बाबतीत बाहेर राहत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतही या द्रव्याच्या विक्रीवर कडक बंधने आली.

आपल्याकडे बाळाचे तोंड आले की टाकणखाराची लाही मधात खलून जिभेवर लावण्याची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. हा उपाय केवळ आपला नव्हे. इंग्रजी औषधसंहितेतही मध आणि बोरॅक्स यांचे मिश्रण होते, आणि बोरॅक्स म्हणजेच टाकणखार. बाळाच्या चोखणीला हे मिश्रण लावल्याने सात अर्भकांना झटके येऊ लागल्याची नोंद १९८३ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. त्यातला मधही एक वर्षाखालच्या मुलाला देऊ नये, असे आज डॉक्टर सांगतात, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि परंपरेला हसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की या प्रकरणी आजीबाईचा बटवा आणि विलायती औषधसंहिता यांची चूक एकच होती. तीक्ष्ण विषसुद्धा योजनेने औषध होते आणि उत्तम औषधही अयोजनेने विष होते, हा विचार चरकसंहितेत आहे. तो आपल्याकडे होता. लाही खलताना तो कोणाला आठवला नाही, एवढेच.

चार ओळींचा हा इतिहास येथवर आला. लिस्टरच्या मुलाची सोललेली कातडी, हॅम्पटनबाईंचे भाजलेले हात, बुलोनमधले सैनिक, फ्रान्समधली बाळे हे सारे त्या मुंगीएवढ्या अक्षरांत गोळा झाले आहे. आपण ज्याला सूचना म्हणून ओलांडून जातो, तो झालेल्या चुकांचा सारांश असतो.

शिबिरानंतर उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही त्या बाटलीवरचा मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि मराठी करायला सांगितले. बहुतेकांनी 'केवळ बाह्य उपयोगार्थ' असे लिहिले, कारण आम्हीच त्यांना तसली मराठी शिकवली होती. एकाने लिहिले, 'फक्त कातडीवर लावायचं. तोंडात, डोळ्यांत, कानांत नाही. आधी पाणी घाला, किती ते झाकणानं मोजा.' गुण देताना आमच्यात थोडा वाद झाला. भाषेची पातळी सांभाळलेली नाही, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते. शेवटी पूर्ण गुण दिले. ते वाक्य आता पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले आहे, मोठ्या अक्षरांत. लिहिणाऱ्या मुलाच्या नडगीवर फोडांचे पुसट डाग अजून दिसतात.